क्रीमी गार्लिक पास्ता: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी, पंचवीस मिनिटांत

मी केलेला पहिला क्रीमी गार्लिक पास्ता मी खाल्ला, तो केवळ भुकेने जीव जात होता म्हणून. लसूण करपलेला, त्यावर क्रीमचं अख्खं पाकीट ओतलेलं, त्यात मूठभर चीज, आणि सगळं ढणाढणा आचेवर. ताटलीत वाढायला गेले तर कढईतून एकसंध गोळा धपकन पडला. कढई घासायला पास्ता करण्यापेक्षा जास्त वेळ लागला, हे वेगळंच.

त्यानंतर दहा-बारा वेळा वेगवेगळ्या पद्धतीने बिघडवून झाल्यावर लक्षात आलं की सामान दर वेळी ठीकच होतं. चुकत होता तो क्रम. आणि क्रीमवर माझा जरा जास्तच भरवसा होता. या पास्त्याचा मलईदारपणा क्रीममधून येतो त्यापेक्षा जास्त पास्ता शिजलेल्या पाण्यातून येतो. अशाच पांढऱ्या क्रीमी सॉसला ‘आल्फ्रेदो सॉस’ हे नाव ज्यांच्यावरून पडलं त्या रोमच्या हॉटेलवाल्या आल्फ्रेदो दी लेलिओंच्या फेतुचिनीत (चपट्या फितीसारख्या पास्त्यात) क्रीम नव्हतंच. लोणी आणि पार्मेजान चीज, बस्स. आपण क्रीम घालणार आहोत, कारण दमलेल्या रात्री ते चुका पोटात घालतं. पण ते किती घालायचं आणि कधी, हे खाली सविस्तर लिहिते.

काय काय लागेल (दोघांसाठी)

- सुका पास्ता २०० ग्रॅम. स्पगेटी, फेतुचिनी, पेने, फुसिली, जो असेल तो.
- लसणाच्या ८ ते १० मध्यम पाकळ्या
- ऑलिव्ह तेल १ मोठा चमचा, लोणी २० ग्रॅम
- साधं, बिनसाखरेचं क्रीम १५० मिली
- पार्मेजान किंवा तसंच एखादं कडक, मुरलेलं चीज ४० ग्रॅम, बारीक किसून
- मीठ, ताजी कुटलेली मिरी, हवे असल्यास चिली फ्लेक्स
- मूठभर पार्सली आणि अर्धं लिंबू, असेल तर

भांडी: दीड-दोन लिटर पाणी मावेल असं पातेलं, एक पसरट पॅन किंवा कढई (नंतर सगळा पास्ता हिच्यातच येणार आहे, तेव्हा लहान घेऊ नका), बारीक किसणी, चिमटा किंवा झारा, आणि एक कप. हा कप आत्ताच ओट्यावर, पातेल्याशेजारी काढून ठेवा. का, ते सहाव्या पायरीला कळेल.

खरेदीतले दोन सापळे. पहिला म्हणजे क्रीमच्या नावाखाली मिळणारं केकवर फेटायचं गोड टॉपिंग. पाकिटं इतकी सारखी दिसतात की मी एकदा तेच ओतलं होतं. गोड लसूण कसा लागतो ते तुम्ही अनुभवायला नको. वेष्टनावर साखर लिहिली असेल तर ते परत ठेवा. दुसरा सापळा तयार किसलेल्या चीजचा. कीस एकमेकांना चिकटू नये म्हणून त्यात बहुतेकदा सेल्युलोज किंवा स्टार्च मिसळलेलं असतं, त्यामुळे ते सॉसमध्ये नीट विरघळत नाही, रवाळ राहतं. तुकडा आणा आणि घरी किसा, दोन मिनिटांचं काम आहे. शाकाहारी असाल तर आणखी एक: अस्सल पार्मेजान वासराच्या पोटातून काढलेल्या रेनेटने (दूध साकळवणाऱ्या विकराने) लावतात. मायक्रोबियल रेनेट लिहिलेलं कडक चीज शोधा, चवीत फार फरक पडत नाही.

१. आधी आधण ठेवा, मग बाकी सगळं

या स्वयंपाकात सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे पाणी उकळणं. म्हणून घरात आल्यावर हातपाय धुण्याआधी पातेलं गॅसवर चढवा आणि त्यावर झाकण ठेवा. विजेची किटली असेल तर अर्धं पाणी तिच्यात उकळून घ्या.

२०० ग्रॅम पास्त्याला दीड लिटर पाणी. इटालियन घरांतलं ठरलेलं माप यापेक्षा जास्त आहे: १०० ग्रॅमला १ लिटर. आपण मुद्दाम कमी घेतोय. पाणी कमी असलं की पास्त्यातून सुटलेला स्टार्च त्यात जास्त दाट उतरतो, आणि तोच आपल्याला हवा आहे.

मीठ पाण्याला उकळी आल्यावर घाला, साधारण १२ ते १५ ग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचे दोन ते अडीच लहान चमचे. ‘पाणी समुद्रासारखं खारट हवं’ असा सल्ला सगळीकडे ऐकाल. तो मनावर घेऊ नका. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं; त्यात शिजवलेला पास्ता तोंडात धरवणार नाही, आणि त्या पाण्याचा सॉसही करता येणार नाही.

पाण्यात तेल घालू नका. ते वर तरंगत राहतं, पास्ता एकमेकांना चिकटायचा थांबत नाही, आणि निथळताना तेच तेल पास्त्यावर बसून सॉस घसरतो.

२. लसूण दोन प्रकारे कापा

आधण येईपर्यंत हे करून घ्या. पाकळीवर सुरीचं पातं आडवं ठेवून तळहाताने दाबलं की साल सुटते. पाकळीच्या मध्ये हिरवा कोंब दिसला तर काढून टाका, तो कडवट लागतो.

आता सहा-सात पाकळ्यांचे पातळ काप करा. उरलेल्या दोन-तीन पाकळ्या बारीक किसून बाजूला ठेवा. हा दुजाभाव का? लसूण अखंड असतो तोवर त्याला फारसा वास नसतो. पेशी फुटल्या की आतलं एक विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि अ‍ॅलिसिन तयार होतं. नाकात शिरणारा तो तिखट लसणी वास त्याचाच. जितकं बारीक कराल तितक्या जास्त पेशी फुटतात आणि तितकी चव झणझणीत. उष्णता लागली की ते विकर थंडावतं. म्हणून मंद तेलात शिजलेले काप गोडसर, मऊ लागतात, आणि शेवटी घातलेला किसलेला लसूण ‘मी आहे हं’ असं सांगतो. नुसते काप घातले तर पास्ता जरा मिळमिळीत होतो, आणि सगळाच कच्चा किसून घातला तर दुसऱ्या दिवशीही लोक तुमच्यापासून चार हात लांब उभे राहतात.

बाटलीतली तयार पेस्ट या पदार्थाला नको. ती टिकावी म्हणून तिच्यात बहुतेकदा आम्ल आणि मीठ असतं, शिवाय पाणी. तेलात पडली की उडते, तळाला लागते आणि आंबूस चव मागे ठेवते. दहा पाकळ्या सोलायचा इतका कंटाळा आला असेल तर आज दुसरं काही तरी करा.

३. पास्ता पाण्यात सोडा आणि घड्याळ लावा

पाणी खळखळ उकळत असताना पास्ता सोडा आणि पहिलं एक मिनिट ढवळत राहा. तो चिकटतो तो याच मिनिटात. नंतर अधूनमधून झारा फिरवला की पुरतं.

पाकिटावरच्या वेळेतून दोन मिनिटं वजा करा. १० मिनिटं लिहिलं असेल तर गजर ८ मिनिटांचा. उरलेली दोन मिनिटं तो सॉसमध्ये शिजणार आहे. गजर वाजला की एक तुकडा मोडून बघा: मध्यभागी बारीक पांढरा ठिपका दिसला आणि चावताना किंचित कणखर लागला तर बरोबर आहे. पूर्ण मऊ झाला असेल तर सॉसमध्ये जाऊन त्याचा लगदा होणार, तेव्हा पुढचं काम भराभर उरका.

४. लसूण थंड तेलात

पास्ता पाण्यात पडला की लगेच दुसरी शेगडी. पॅनमध्ये तेल घाला, त्यात लसणाचे काप घाला, आणि *त्यानंतर* गॅस लावा, मंद.

तेल तापवून लसूण टाकायची हाताला सवय असते, आणि माझी निम्मी भांडी त्या सवयीनेच खराब झाली. गरम तेलात पातळ काप बाहेरून तपकिरी होतात आणि आतून कच्चे राहतात. थंड तेलापासून सुरुवात केली की लसणाचा स्वाद सावकाश तेलात उतरतो. तीन-चार मिनिटांत कापांभोवती बारीक बुडबुडे येतात, वास पसरतो, कडा जेमतेम पिवळसर होतात. इथेच थांबा! सोनेरी रंगाची वाट बघत बसलात तर फसाल, कारण गॅस बंद केल्यावरही तेलाच्या उष्णतेने लसूण रंग धरतच राहतो. पिवळसर ते करपलेला हे अंतर वीस-तीस सेकंदांचं आहे, आणि त्या वीस सेकंदांत फोन हमखास वाजतो.

कडा पिवळ्या दिसल्या की लोणी घाला. ते वितळताना तेलाचं तापमान जरा उतरतं आणि लसूण सावरतो. लोणी सुरुवातीपासून का नाही? लोण्यातला दुधाचा अंश लवकर जळतो. सोबत तेल असलं की लोणी जळत नाही असं म्हणतात, पण तो अंश तेलातही जळतोच.

लोणी वितळलं की किसलेला लसूण आणि चिली फ्लेक्स घाला, पंधरा-वीस सेकंद परता, आणि पुढच्या पायरीला लागा.

लसूण करपलाच, तर? टाकून द्या, तेलासकट. क्रीमने तो कडवटपणा झाकला जात नाही, उलट सगळीकडे पसरतो. पॅन पुसून पुन्हा सुरुवात करा. गेली ती चार मिनिटं.

५. क्रीम

क्रीम फ्रीजमधून आधीच बाहेर काढून ठेवलेलं असावं. पातेल्यातलं पाणी दोन-तीन डाव आधी पॅनमध्ये घाला, मग क्रीम ओता आणि ढवळा. पाण्यामुळे पॅन निवतो आणि लसूण शिजायचा थांबतो.

आता पाकिटावर स्निग्धांश बघा. ३५ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर क्रीम निवांत उकळू द्या, दोन मिनिटांत छान आटतं. २० ते २५ टक्क्यांचं असेल तर उकळू देऊ नका. कडेला बारीक बुडबुडे दिसले की पुरे. जोरात उकळलं की ते फुटतं आणि सॉसमध्ये कण दिसतात. मिरी आत्ता घाला. मीठ अजिबात नाही, कारण पाणी खारट आहे आणि चीज यायचंय.

घरात क्रीमच नसेल तर? लसणाचे काप तेलातून बाजूला काढा, त्याच पॅनमध्ये लोणी आणि १ मोठा चमचा मैदा घालून मंद आचेवर मिनिटभर भाजा, रंग बदलू न देता. मग २५० मिली कोमट दूध थोडं थोडं घालत ढवळा. पहिल्या दोन-तीन धारांना गोळा होईल, घाबरू नका, घोटत राहिलात की तो सुटतो. तीन-चार मिनिटांत दाटसर झालं की काप परत घाला. चव क्रीमपेक्षा साधी, पण मंगळवारच्या रात्री कोणी तक्रार करत नाही.

६. पाणी वाचवा, मग पास्ता हलवा

आता तो कप. पास्ता निथळण्याआधी पातेल्यातलं गढूळ पाणी कपभर काढून घ्या. ही पायरी मी इतक्या वेळा विसरले आहे की आता कप चाळणीतच ठेवते, म्हणजे चाळणी उचलताना तो हाताला लागतो. लांब पास्ता असेल तर चाळणी हवीच कशाला. चिमट्याने उचलून सरळ पॅनमध्ये टाका, सोबत येणारं पाणी येऊ द्या. आणि काहीही झालं तरी पास्ता नळाखाली धुऊ नका, वरचा सगळा स्टार्च वाहून जातो.

पॅनखाली आच मध्यम करा. पास्ता सॉसमध्ये घालून कपातलं पाणी पाव कप ओता आणि हलवत राहा, वरखाली, गोल, जमेल तसं. पहिलं अर्धं मिनिट सगळं पाणचट दिसेल. पास्ता एकीकडे, पांढरं पाणी दुसरीकडे, वर तेलाचे थेंब. इथे बहुतेक जण घाबरून आणखी क्रीम ओततात. ओतू नका. हलवत राहा. लोणी-तेल आणि पाणी एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत. पाण्यातला स्टार्च त्यांच्या मध्ये शिरतो, स्निग्धाचे बारीक थेंब वेगळे होऊ देत नाही आणि पाण्यालाही दाटपणा आणतो. मिनिट-दीड मिनिटात सॉसचा रंग पालटतो, तो चकाकायला लागतो आणि पास्त्याला लपेटून बसतो. हे एकदा डोळ्यांनी बघितलंत की पुन्हा कुठली कृती वाचावी लागणार नाही.

दाट वाटलं तर पाणी चमचा-चमचा वाढवा. पॅनच्या तळातून झारा ओढला की रेघ क्षणभर दिसून बुजली पाहिजे. पळीवाढं असतानाच थांबा; ताटलीत जाईपर्यंत सॉस आणखी आळतो. पॅनमध्ये ‘अगदी हवा तसा’ दिसणारा पास्ता टेबलावर कोरडा झालेला असतो.

७. गॅस बंद. मग चीज.

हाच तो गोळा पडायचा टप्पा. चीज खूप गरम सॉसमध्ये पडलं की त्यातली प्रथिनं आकसून एकमेकांना धरतात, स्निग्ध अंश बाहेर पडतो, आणि हाती रबर आणि तेल येतं. गॅस बंद करून अर्धं मिनिट थांबा, उकळी पूर्ण बसू द्या. मग चीज तीन हप्त्यांत भुरभुरवा, प्रत्येक वेळी हलवून ते दिसेनासं झालं की पुढचा हप्ता.

मोझरेला घालायचा मोह होतो. तारा सुटतात, सॉस होत नाही. प्रोसेस्ड चीज विरघळतं झकास, पण चव सपाट आणि मीठ भरपूर. तेच असेल तर २५ ग्रॅमवर भागवा.

आता चव बघा. मीठ लागलं तर आत्ता. लिंबाची किसलेली साल आणि पार्सली घाला. रस हवा असेल तर पाच-सहा थेंब, सगळं झाल्यावर. दुधाचा सॉस असेल तर रस नकोच, तो फुटेल.

८. वाढणं

ताटल्या गरम पाण्याने विसळून पुसून घ्या. थंड चिनी मातीवर सॉस झटकन आळतो. खाणारे आधी बसवा, मग वाढा.

बिघडलंच तर

सॉस गोळा झाला: गॅस बंद ठेवून दोन चमचे गरम पास्त्याचं पाणी घाला आणि जोरात हलवा, बहुतेकदा सुटतो. तेल वेगळं झालं असेल तर एक चमचा गार क्रीम घालून तसंच करा. फार पातळ राहिला आणि चीज अजून घातलं नसेल तर मिनिटभर आच वाढवा. चीज घातलं असेल तर आच वाढवायची नाही, दोन मिनिटं तसाच ठेवा, आपोआप दाट होईल.

पाणी वाचवायला विसरलात? कपभर पाण्यात पाव चमचा मीठ आणि एक लहान चमचा कॉर्नफ्लोअर कालवून उकळी आणा. खऱ्याची सर नाही, पण वेळ निभावते.

खारट झालं तर आणखी बिनमिठाचं क्रीम किंवा वेगळा, मीठ न घालता उकडलेला पास्ता. बटाटा घालून मीठ शोषून घेणं वगैरे काही होत नाही, बटाटा तेवढा खारट होतो.

आणखी काही घालायचं असेल तर

मटाराचे गोठवलेले दाणे पास्त्याच्या पाण्यात शेवटची दोन मिनिटं. पालकाची पानं चीज घालण्याआधी पॅनमध्ये, अर्ध्या मिनिटात मऊ पडतात. मश्रूम मात्र वेगळे, मोठ्या आचेवर, त्यांचं पाणी आटून रंग येईपर्यंत परता आणि शेवटी मिसळा; थेट सॉसमध्ये घातले तर ते सुटलेल्या पाण्याने सगळं राखाडी करून ठेवतात. चारजणांसाठी करायचं असेल तर पॅन तितका मोठा आहे का बघा. नसेल तर पास्ता एकदम शिजवा आणि सॉसमध्ये दोन खेपांत फिरवा.

उरला तर

दोन तासांच्या आत डब्यात भरून फ्रीजमध्ये, आणि दोन दिवसांत संपवा. फ्रीझरमध्ये नको, क्रीमचा सॉस वितळताना फुटतो. दुसऱ्या दिवशी तो डब्याच्या आकाराचा घट्ट ठोकळा झालेला असेल, ते साहजिक आहे. पॅनमध्ये दोन-तीन चमचे दूध घ्या, त्यात ठोकळा ठेवा, झाकण घालून अगदी मंद आचेवर दोन मिनिटं, आणि मग हलक्या हाताने मोकळा करा. मायक्रोवेव्ह असेल तर दूध घालून निम्म्या शक्तीवर, मध्ये एकदा ढवळून.